मराठी क्रीडा समालोचक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या मैदानावर माइक धरणारी, आकाशवाणीची चाचणी देऊ पाहणारी आणि ‘माझा आवाज चांगला आहे, पुढे काय करू?’ असं विचारणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय समालोचन कक्षात बसणाऱ्या नामवंतांपेक्षा गाव, तालुका, जिल्हा या पातळीवर रेडिओ-टीव्हीचं काम करणाऱ्यांच्या सोयीनं ती लिहिली आहेत.

समालोचक, निवेदक आणि अँकर यांत फरक काय?

चालू खेळाचं वर्णन करतो तो समालोचक. सामन्याआधी, मध्यंतरात आणि नंतर स्टुडिओत बसून गप्पा घडवून आणतो तो अँकर. मैदानावरच्या कर्ण्यावरून पुकारा करतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, बक्षिसं जाहीर करतो तो निवेदक. कागदावर हा भेद स्वच्छ आहे. प्रत्यक्षात स्थानिक पातळीवर तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात आणि मधल्या वेळात आयोजक त्यालाच म्हणतात, ‘जरा गुणफलकाकडं पण बघा ना.’

मराठीत ही परंपरा किती जुनी आहे?

मुंबईत रेडिओवरून क्रिकेटचं वर्णन सुरू झालं ते इंग्रजीत. ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांनी १९३४ मध्ये चौरंगी, म्हणजे चार संघांच्या, सामन्यांचं वर्णन केलं. हा माणूस दिवसभर एकटा बोलायचा आणि माइक दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नसायचा. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं ते त्यानंतर, १९३६ मध्ये.

मराठीत धावतं वर्णन म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीला पुण्याचे बाळ ज. पंडित आठवतात. क्रिकेट मराठीतून सांगता येतं, आणि ते ऐकताना पुस्तकी वाटत नाही, हे त्यांनी आकाशवाणीवरून दाखवून दिलं. त्याच काळात वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला खेळाबद्दल वाचायची सवय लागली आणि वाचणारा श्रोता चुका पकडायला लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली. तिथून पुढे चित्र आणि आवाज यांची जी कुतरओढ सुरू झाली, ती अजून चालू आहे.

सुरुवात कुठून करायची?

मैदानावरून. स्टुडिओचं दार बहुतेकांना उशिरा उघडतं आणि तोवर ज्यानं कर्ण्यावर शेकडो तास काढलेले असतात, तोच आत टिकतो.

महाराष्ट्रात यासाठी जागा भरपूर आहेत. यात्रेतलं कुस्तीचं मैदान, जिल्हा कबड्डी संघटनेची निवड चाचणी, शालेय खो-खो, टेनिस बॉल क्रिकेटच्या रात्रीच्या स्पर्धा, जुन्नर-आंबेगाव-खेडचे बैलगाडा शर्यतींचे घाट. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाटावरच्या निवेदकाला पुन्हा मागणी आली आहे. तिथली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते. तेवढ्यात गाडामालकाचं नाव, गाव आणि सेकंद एका श्वासात सांगायचे. जिभेला याहून चांगली तालीम दुसरी नाही.

पण शिकण्यासाठी एकच जागा निवडायची असेल, तर मी कुस्तीचा फड सुचवेन. तिथं एका बाजूला हलगी कडाडत असते, आखाड्यात एका वेळी दोन-तीन जोडी लागलेल्या असतात, पंच कमिटीतलं कुणीतरी कानाशी येऊन देणगीदाराची चिठ्ठी देत असतं आणि मोठी कुस्ती खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या हातझटापटीतच, दहा मिनिटं अडकलेली असते. या दहा मिनिटांत निवेदकाची खरी परीक्षा होते. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या महिन्यात त्यानं कुणाला कोणत्या डावावर घेतलं, घरची परिस्थिती काय, हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडे लोक कान देतात. ज्याला माहीत नाही तो ‘प्रेक्षकहो, शांतता राखा’ म्हणत बसतो. कोथळीच्या शंकर पुजारींचं निवेदन ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको. आणि मग अचानक पट निघतो, घिस्सा बसतो किंवा कुणी एकलंगी भरतो. डाव ओळखून त्याचं नाव पंचाच्या शिट्टीआधी तोंडातून आलं पाहिजे. एकदा ढाकेला कलाजंग म्हणालात की पहिल्या रांगेतले म्हातारे वस्ताद पुढची दोन वर्षं तुम्हाला ओळख देणार नाहीत.

मॅटवरच्या कुस्तीचं गणित निराळं. तिथं गुण मोजावे लागतात, दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते. महाराष्ट्र केसरीत गादी (म्हणजे मॅट) आणि माती असे दोन्ही विभाग असतात आणि त्यांचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. म्हणजे दोन्ही भाषा यायला हव्यात.

पदवी लागते का?

नाही. पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला तर ओळखी होतात आणि ध्वनिमुद्रण, संकलन शिकायला मिळतं. विद्यापीठाचं सामुदायिक रेडिओ केंद्र जवळ असेल, उदाहरणार्थ पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’, तर तिथं हात साफ करून घ्या. पंचाची परीक्षा देणं मात्र मी पदवीपेक्षा महत्त्वाचं मानतो. कबड्डीत बोनस केव्हा मिळतो, लोण (समोरचा अख्खा संघ बाद) झाल्यास किती गुण, खो-खोत खो चुकला म्हणजे नेमकं काय झालं, हे नियमपुस्तकातून शिकलेला समालोचक वादाच्या क्षणी गडबडत नाही.

आकाशवाणीवर कसं जायचं?

दोन वाटा आहेत. पहिली, स्थानिक केंद्रावर हंगामी निवेदक म्हणून. केंद्र जाहिरात काढतं, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते, निवड झालेल्यांना ‘वाणी’ प्रमाणपत्राचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ही नोकरी नव्हे. महिन्यातून ठरावीक पाळ्या मिळतात. पण उच्चार, वेळेची शिस्त आणि स्टुडिओची सवय इथं होते.

दुसरी वाट म्हणजे क्रीडा समालोचकांची सूची. त्यासाठी वेगळी चाचणी असते. सामना मिळेल तसं बोलावणं येतं आणि त्या सामन्यापुरता करार होतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं २००७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे मोठे सामने आकाशवाणीपर्यंत पोहोचतात. पण त्यातलं बहुतेक वर्णन हिंदी-इंग्रजीत होतं. मराठी समालोचकाच्या वाट्याला अधूनमधून सामना आणि बाकी दिवस क्रीडावृत्त, मुलाखती, आढावा. हे कमी दर्जाचं काम समजू नका. पाच मिनिटांच्या क्रीडा आढाव्यात सात स्पर्धा बसवायला शिकलेला माणूस सामन्यात पाल्हाळ लावत नाही.

खासगी एफएमवर सामन्याचं वर्णन चालतं का?

लोकांचा समज असा की चालतच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, हे खरं. पण २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात खेळांची माहिती बातम्यांतून वगळली आहे. मोठ्या स्पर्धांच्या थेट वर्णनाला मज्जाव असला, तरी स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं थेट समालोचन चालतं, असं त्यात म्हटलेलं आहे. केंद्रं याचा उपयोग फारसा करत नाहीत. गाणी लावणं सोपं आणि जाहिरातदार ओळखीचे. तुमच्या शहरात मोठी कबड्डी स्पर्धा असेल तर आयोजक, प्रायोजक आणि केंद्र अशी मोट बांधून प्रस्ताव घेऊन जा. कार्यक्रम प्रमुखाला हा नियम माहीत असेलच असं नाही, तेव्हा कागद सोबत ठेवा.

रेडिओ आणि टीव्ही यांच्या समालोचनात नेमका काय फरक?

रेडिओवर तुम्ही गप्प बसलात तर सामना थांबतो. टीव्हीवर गप्प बसलात तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट बरं वाटतं.

कबड्डीची एकच चढाई घेऊ. रेडिओवर ती अशी जाईल: ‘ठाण्याची चढाई, डाव्या बाजूनं. समोर पुण्याचे सहा जण, बोनस खुला आहे. पाय रेषेकडे… नाही, परत घेतला. पंधरा सेकंद झाली. उजवा कोपरा पुढं सरकतोय… घोटा धरला! ओढतोय, मध्यरेषेकडे झेपावलाय, वरून मध्यरक्षक पडला… हात पोहोचला नाही. पकड! पुण्याला एक गुण. पुणे एकवीस, ठाणे एकोणीस, साडेचार मिनिटं बाकी.’

यात बघा, बाजू आली, माणसं आली, वेळ आली, गुण आले. नुकताच रेडिओ लावलेल्या माणसाला कुणाचा सामना चाललाय हे शोधावं लागू नये. म्हणून दर चढाईनंतर गुण आणि दर मिनिटाला संघांची नावं. ऐकणाऱ्याला ते जास्त होत नाही. कंटाळा फक्त बोलणाऱ्याला येतो.

तीच चढाई टीव्हीवर असेल तर ‘घोटा धरला’ हे सगळ्यांना दिसलंय. तिथं बोलायचं ते असं: ‘या कोपऱ्याला आधीच्या दोन चढायांत त्यानं हुलकावणी दिली होती. या वेळी कोपऱ्यानं घाई केली नाही.’ बस्स. पुनर्दृश्य सुरू झालं की डाव उलगडून सांगा, संपण्याआधी वाक्य आवरा, कारण पुढची चढाई सुरू झालेली असते आणि तिला तीसच सेकंद असतात.

रेडिओवरून टीव्हीवर गेलेल्या माणसाला बोलणं कमी करणं जड जातं. टीव्हीवरून रेडिओवर आलेला माणूस त्याहून वाईट अडकतो. तो म्हणतो ‘काय सुंदर फटका!’ आणि श्रोता विचारत राहतो, कुठं मारला?

सामन्याआधी तयारी काय करता?

नावं. बाकी सगळं नंतर.

दोन्ही संघांच्या याद्या मिळाल्या की व्यवस्थापकाकडे जाऊन प्रत्येक नाव त्याच्या तोंडून ऐकायचं. यादी बहुधा इंग्रजीत टंकलेली असते आणि त्यात ‘Ghule’सारख्या स्पेलिंगमागे घुले आहे की घुळे, हे कागद सांगत नाही. देशमुख तीन असतील तर कोणता कोण, त्यांना आपसात काय हाक मारतात, बनियनवरचा क्रमांक बदललाय का, हे विचारायचं. मग एका पुठ्ठ्यावर दोन्ही संघ मांडायचे: क्रमांक, नाव, जागा, गाव, आणि शेजारी एकच ओळ माहिती. एकच. ‘वडील ऊसतोड कामगार, पहिलीच राज्य स्पर्धा’ एवढं पुरतं. पुठ्ठाच घ्यायचा, कारण कागद पंख्यानं उडतो आणि मोबाइलवर ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतो.

मोठ्या खेळाडूच्या नावात चूक झाली तर लोक हसतात आणि विसरतात. पण आजऱ्याच्या किंवा पालघरच्या एखाद्या मुलीचं नाव तिच्या आयुष्यात पहिल्यांदा माइकवरून घेतलं जात असतं, घरचे मोबाइलवर मुद्रण करत असतात. तिथं चुकलात तर ती चूक त्या घरात कायमची राहते. बाहेरून आलेला नावाजलेला आवाज इथं स्थानिक माणसापुढे फिका पडतो, कारण त्याला गावं माहीत नसतात.

जुनी माहिती वापरायची ती बेतानं. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्यपदक दर कुस्तीला आठवायची गरज नाही. गोळेश्वरच्या शेजारच्या गावचा मुलगा लढत असेल तेव्हा आठवा.

टीव्हीवर मराठीत कितपत संधी आहे?

आधीपेक्षा बरी. बराच काळ मराठी क्रीडा समालोचन म्हणजे सह्याद्री वाहिनीवर जे होईल ते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि चढाई-पकडीचा खेळ रात्रीच्या मुख्य वेळेत दिसू लागला. २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल बारा भाषांत दाखवली गेली, त्यात मराठी होती. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉल क्रिकेटची आयएसपीएल (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग) सुरू झाली, म्हणजे गल्लीतल्या खेळालाही टीव्हीचा कॅमेरा मिळाला. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच.

अडचण एवढीच की मोठ्या वाहिन्यांवरचं प्रादेशिक समालोचन बहुतेक वेळा मैदानावरून होत नाही. मुंबईतल्या स्टुडिओत पडद्यावर बघून बोलायचं असतं. कॅमेरा जे दाखवेल तेच दिसतं. क्षेत्ररचना दिसत नाही, राखीव खेळाडू कधी उठला कळत नाही. कानात निर्माता बोलत असतो, ‘दहा सेकंदांत जाहिरात’, आणि त्याचं ऐकत तुमचं वाक्य चालू ठेवायचं. याचा सराव घरी करता येतो: टीव्हीचा आवाज बंद करून बोला आणि एका कानात दुसरंच काहीतरी लावून ठेवा. पहिले काही दिवस वेड लागल्यासारखं होईल.

मी कधी मोठ्या पातळीवर खेळलो नाही. चालेल?

धावतं वर्णन करायला चालेल, विश्लेषण करायला नाही. कक्षात साधारण दोन माणसं असतात. एक खेळ पुढे नेतो, दुसरा ‘असं का झालं’ ते सांगतो. दुसरी खुर्ची माजी खेळाडूची. तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसून दुसऱ्याला नेमके प्रश्न विचारा. न खेळलेला माणूस ‘इथं त्यानं बॅकफूटवर जायला हवं होतं’ असं ठणकावून सांगू लागला की ऐकवत नाही.

मुलींना संधी मिळते का?

सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७० च्या दशकात इंदूरहून क्रिकेटचं समालोचन केलं. म्हणजे वाट नवी नाही, वर्दळ कमी आहे. महिला कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांना अजूनही पुरुष समालोचक सर्रास दिसतात, यात आयोजकांचा आळस जास्त. रात्रीच्या स्पर्धांना राहण्या-येण्याची सोय मानधनाआधी विचारून घ्या आणि लेखी घ्या. आवाज ‘पातळ’ आहे म्हणून नाकारलं तर दुसरीकडे जा. माइकला जाडेपणा लागत नाही, स्पष्टपणा लागतो.

आवाज कसा जपायचा?

ओरडू नका. हा व्यवसाय ओरडण्याचा आहे असं वाटणारे दुसऱ्या दिवशी घसा धरून बसतात. मैदानावर कर्णा कमी पडत असेल तर ध्वनिक्षेपकवाल्याला आवाज वाढवायला सांगा, स्वतःचा वाढवू नका. साधं पाणी घोट घोट प्या, बर्फाचं सरबत सामना संपल्यावर. चांगल्या कक्षात खोकला आला तर दाबायला एक कळ असते, ती दाबली की माइक बंद होतो. ती कुठंय हे आधी बघून ठेवा. गोंगाटाच्या जागी ओठांना टेकवून धरायचा माइक मिळाला तर तोच घ्या, हलगीच्या शेजारी बसूनही शब्द स्वच्छ जातात.

टीव्हीवरचा सामना यूट्यूबवर दाखवून त्यावर माझं मराठी समालोचन दिलं तर?

चित्र वापरलंत की प्रक्षेपण हक्कांचा भंग होतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला ते हक्क पंचवीस वर्षं असतात. तुमची यूट्यूब वाहिनी बंद पडेल आणि नाव खराब होईल ते वेगळं. त्यापेक्षा गावच्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळींना गाठा. त्यांना कॅमेरावाला मिळतो, बोलणारा मिळत नाही.

मधेच ‘अमुक भाऊंकडून पाचशे रुपये’ अशा चिठ्ठ्या येतात. वाचायच्या का?

वाचायच्या. स्थानिक स्पर्धा त्या पैशांवर चालते आणि तुमचं मानधनही. पण चढाई चालू असताना नाही. षटक संपल्यावर, लोण झाल्यावर, कुस्ती सुटल्यावर. भाऊ कितीही मोठे असले तरी तीस सेकंद थांबू शकतात. समालोचकालाच बक्षीस देणारे शौकीन असतात, ते जरूर घ्या, पण आयोजकांसमोर घ्या. आणि निवडणुका जवळ असतील तर स्टेजवरच्या नेत्याबद्दल नाव आणि पद यापलीकडे विशेषण लावू नका. पुढच्या वर्षी तेच मैदान दुसऱ्याकडे असतं.

चुकीचा गुण सांगितला गेला तर?

लगेच दुरुस्त करा, एका वाक्यात. ‘दुरुस्ती, ठाणे वीस.’ माफीचं भाषण नको. पंचाचा निर्णय पटला नाही तर काय दिसलं ते सांगा, निर्णय कुणाच्या बाजूनं गेला ते सांगा, पंचाची नियत काढू नका. कर्ण्यावरून काढलेली नियत मैदानात खुर्च्या उडवते.

यावर घर चालतं का?

नुसत्या यावर फार थोड्यांचं. आमच्यातले बरेच जण शिक्षक आहेत, कुणी बँकेत, कुणाचं दुकान. यात्रा आणि स्पर्धांचा हंगाम साधारण दिवाळीनंतर ते उन्हाळा. पावसाळ्यात मुंबईत १९४८ पासून क्रिकेटची कांगा लीग खेळली जाते, पण तिथं कर्णा वाजत नाही. मधल्या महिन्यांत जाहिरातींचे आवाज, सूत्रसंचालन, क्रीडा स्तंभ असं काहीबाही जोडावं लागतं.

मानधन दिवसावर ठरतं. प्रवास, जेवण, मुक्काम वेगळा की त्यातच, हे आधी ठरवा. अर्धी रक्कम आगाऊ मागायला लाजू नका. अंतिम सामना संपला की खजिनदार सापडत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वाहिन्या आणि मोठ्या संस्था मानधनातून कर कापतात. २००८ च्या अधिसूचनेनं खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांच्यासोबत समालोचकांची गणनाही कर कपातीसाठी व्यावसायिकांत झाली आहे, आणि कपातीचा दर दहा टक्के आहे. वर्षाचं उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. कित्येक जण तो सोडून देतात.

नमुना म्हणून काय पाठवू?

सलग पाच-सहा मिनिटं, एकाच खऱ्या सामन्याची, न कापलेली. जोडलेले ‘षटकार! षटकार!’ कुणी ऐकत नाही. शक्यतो कंटाळवाणा भाग निवडा, जिथं तीन चढाया रिकाम्या गेल्या किंवा दोन षटकं निर्धाव पडली. त्या वेळात तुम्ही काय बोलता, यावर निवड होते. फाइलच्या नावात तुमचं नाव, खेळ आणि फोन नंबर घाला. ‘फायनल ऑडिओ नवीन २’ नावाच्या फाइली आमच्याकडे ढिगानं पडल्या आहेत.